गुलाब लावा, गुलाब!

माणिकपूरच्या बाजारात मी भाजी घ्यायला उभी राहिले की अजूनही कुणीतरी बायकोला कोपरानं ढोसतं आणि हळूच म्हणतं, "ही बघ, ती गुलाबवाली." हळूच म्हणजे त्याला वाटतं हळूच. माझा कान सव्वीस वर्षं फोनच्या रिसिव्हरला चिकटलेला होता, मला कुजबुजही ऐकू येते. एका नव्या बाईनं तर सरळ विचारलं, "तुमचं फुलांचं दुकान कुठे आहे हो?" दुकान कसलं, डोंबल! मी केबलच्या कंट्रोल रूममध्ये होते. गुलाब एकच होता आणि तो टीव्हीत होता.

कंट्रोल रूम म्हटलं की लोकांना काहीतरी रॉकेट सोडायची जागा वाटते. आमची म्हणजे एका बिल्डिंगच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. बाहेर भल्यामोठ्या छत्र्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या, आत फडताळभर यंत्रं, आणि त्यांना गरम होऊ नये म्हणून दोन पंखे. माणसांसाठी एक. आभाळातून आलेली चॅनेलं आम्ही वायरीत घालून घरोघर सोडायचो. पण एक चॅनेल आमचं स्वतःचं होतं. सगळे त्याला नुसतं 'लोकल' म्हणायचे. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, क्लासच्या जाहिराती, हरवलेलं पाकीट, आणि दुपारी साडेबाराला सिनेमा. कॅसेट घालायची, बटण दाबायचं, की तो सिनेमा स्टेशनपासून गास गावच्या वाड्यांपर्यंत सगळ्यांच्या घरात.

आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, त्यांनी मला नोकरीवर ठेवलं त्यामागे त्यांचा एक हिशेब होता. म्हणाले, "वहिनी, पुरुष माणूस बसला की स्वतःला आवडेल तो सिनेमा लावतो. बाई बसली की घरात चालेल तो लावेल." दुपारी साडेबारा म्हणजे सकाळच्या शाळेतली पोरं घरी आलेली, बायकांची जेवणं उरकलेली, म्हातारी माणसं भिंतीला टेकलेली. सगळ्यांनी एकत्र बघता येईल असाच सिनेमा हवा. मला तरी कुठे काय कळत होतं? नोकरी घरापासून पाच मिनिटांवर होती, मी हो म्हटलं.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. कॅसेटचं नाव वाचून सिनेमा देवाधर्माचा वाटला. अर्धा तास सगळं सोज्वळ चाललं होतं, सासूबाई पूजा करत होत्या, आणि मग एकदम नायक-नायिका धबधब्यात. नुसते धबधब्यात नाहीत, फारच जवळ. फोन वाजायला लागला. मी घाबरून वायरच उपटली. तर पडद्यावर मुंग्या आल्या आणि फोन दुप्पट झाले, "चित्र गेलं! चित्र गेलं!" समोर दोन बटणं होती. लाल म्हणजे सिनेमा, पांढरं म्हणजे शुभेच्छांची पाटी. मी वायर खुपसली आणि पांढरं दाबलं. पडद्यावर टपोरा लाल गुलाब आला आणि खाली अक्षरं, एका सोसायटीच्या सेक्रेटरींचं नाव, आणि 'यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.

संध्याकाळी ते सेक्रेटरी गच्चीचे चार जिने चढून आले. घामाघूम. "बाई, लोक मला विचारतायत धबधबा कसा होता! माझी मिसेस पण विचारतेय!" मी हात जोडले. दुसऱ्या दिवशी भाऊंनी नुसता गुलाब असलेली पाटी करून दिली, नाव-गाव काही नाही. तेव्हापासून पडद्यावर नको ते सुरू झालं की मी पांढरं बटण दाबायची, संपलं की लाल. संपलं की नाही ते मला माझ्या छोट्या टीव्हीवर दिसायचं. म्हणजे सगळ्या गावानं बघू नये म्हणून ते सगळं मी एकटीनं बघायची. काय सांगू, माझ्याइतकं कुणी बघितलं नसेल त्या काळात.

गुलाबाला पुढे भलताच भाव आला. मुलं हुशार असतात. गुलाब आला की पोरं टाळ्या पिटायची. चाळींतून, वाड्यांतून 'गुलाब लागला, गुलाब लागला' अशी ओरड उठायची. मग तो शब्द घराघरांत गेला. मोठी माणसं भांडायला लागली आणि पोरं समोर असली की कुणीतरी म्हणायचं, "ए, गुलाब लावा, गुलाब!" नवऱ्यानं दारू पिऊन शिवी दिली की बायको म्हणायची, "गुलाब लाव तोंडाला." मला फार अभिमान वाटायचा. आपण एक शब्द दिला गावाला.

एकदा मात्र घोटाळा झाला. मे महिना, पंखा बंद पडलेला, मी गुलाब लावला आणि माझा डोळा लागला. जाग आली ती फोनच्या आवाजानं. एक आजोबा अगदी सभ्य आवाजात विचारत होते, "बाई, अकरा मिनिटं झाली. अजून चाललंच आहे का?"

आणि एक फोन अजून कानात आहे. डिमेलो सर म्हणून एक निवृत्त शिक्षक होते, माणिकपुरातलेच. दर शनिवारी फोन करून आठवड्याच्या सिनेमांना मार्क द्यायचे. एकदा म्हणाले, "बाई, काल त्या माणसानं तिघांना भोसकलं. सासूनं सुनेच्या हातावर निखारा ठेवला. गुलाब कुठे होता?"

मी म्हटलं, "सर, ते काय, गोष्टीतलं असतं हो."

"आणि मुका? तो गोष्टीबाहेरचा असतो?"

मी फोन ठेवून दिला. मग रागही आला, म्हटलं, एवढं होतं तर तुम्हीच या बटण दाबायला. पण त्या रात्री जेवण गेलं नाही. खरंच की! माझं आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चाललं होतं. माणसं एकमेकांवर प्रेम करायला लागली की मी गुलाब लावत होते आणि मारायला लागली की हात आवरून बघत बसत होते. त्यानंतर मी थोबाडीत मारण्यालाही गुलाब लावायचा प्रयत्न केला. जमलं नाही. एवढा गुलाब लागला की सिनेमाच दिसेना, लोकांनी शिव्या घातल्या आणि मी ते सोडून दिलं. त्याची रुखरुख राहिली ती राहिलीच.

पुढे डबे आले, सेट-टॉप बॉक्स. चॅनेलं शेकड्यांनी झाली, दुपारच्या सिनेमाला कोण विचारतो? लोकल बंद पडलं. गच्चीवरची खोली जाऊन खाली गाळ्यात ऑफिस आलं, एसी आला, कॉम्प्युटर आला. प्रत्येक घराच्या डब्याला एक नंबर. तो नंबर टाकून कुणाच्या घरात कुठलं चॅनेल दिसावं आणि कुठलं नाही हे आता खुर्चीत बसून करता येई. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी तक्रारींच्या फोनवर बसायची. 'आमचं चित्र अडकतंय', 'आमचा रिमोट कुत्र्यानं खाल्ला'. पांढरं बटण गेलं. मला कुणी काही बंद करायला सांगेना, सगळ्यांना सगळं चालू हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी प्राजक्ताचा फोन आला तो असा. गासची ही सून, वालीवला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला. नवरा रोज मुंबईला जातो. घरी सासू, आणि सात वर्षांची मुलगी तन्वी, जी साडेबाराला शाळेतून येते आणि आई येईपर्यंत आजीजवळ असते. प्राजक्ता रडायच्या बेतात होती.

"मावशी, प्लीज माझ्या घरातलं ते मराठी सिरियलचं चॅनेल बंद करा. आज टीचरनी बोलावलं होतं मला. तन्वीचा खोडरबर शेजारच्या मुलीनं घेतला, तर ही तिला म्हणाली, 'या खोडरबराची किंमत तुला मोजावी लागेल.'"

मला हसू आलं. मी खोकले.

"हसू नका हो! टीचरनी तिला दुसऱ्या बाकावर बसवलं, तर टीचरना म्हणाली, 'सत्य एक दिवस सगळ्यांसमोर येईल.' मावशी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारभर त्या रिपीट सिरियली लागलेल्या असतात. एकमेकींच्या दुधात विष काय घालतात, जिन्यावरून काय ढकलतात. मी पिन टाकून लॉक केलं होतं, तर पिन तिचा वाढदिवसच होता, तिनं दोन मिनिटांत उघडलं."

मी विचारलं, "मग चॅनेल काढूनच टाकू का?"

ती म्हणाली, "नाही... म्हणजे फक्त दुपारी. साडेआठला मी बघते ना."

घ्या! विष रात्री चालतं, दुपारी चालत नाही. पण मी काही बोलले नाही, कारण खरं सांगायचं तर मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे गुलाब मागत होतं! वेळ लावून आपोआप चॅनेल बंद करायची सोय आमच्या कॉम्प्युटरात नव्हती. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी हातानं करते. रोज साडेबाराला गासच्या त्या डब्याचा नंबर टाकून चॅनेल काढायचं, पाचला परत लावायचं. ऑफिसातली पोरं हसली. हसू देत. मला डिमेलो सरांची आठवण येत होती, म्हटलं सर, बघा, या वेळी विषालाच गुलाब लावलाय.

पहिल्याच दिवशी दीड वाजता फोन. बारीक, ठणठणीत आवाज.

"हॅलो, केबलवाल्या मावशी का? आमच्या आजीचं चॅनेल गेलंय."

तन्वी! आता हिला काय सांगणार? मी म्हटलं, "अगं, लाईनला फॉल्ट आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दीडला. मी म्हटलं, "छत्रीवर कावळा बसलाय गं, त्यामुळे येत नाही."

तिसऱ्या दिवशी, "मावशी, कावळा उठला का?"

"तो उठला, दुसरा बसला."

"एवढे कावळे माणिकपूरला कसे?"

चौथ्या दिवशी तिनं फोनवर मोठा श्वास घेतला आणि सिरियलमधल्या खलनायिकेसारखा आवाज काढून म्हणाली, "हे तुम्ही बरोबर नाही केलंत." आणि ठेवून दिला. मी रिसिव्हरकडे बघतच राहिले. म्हटलं प्राजक्ताचं खरं आहे, पोरगी पार वाया चाललीय, आपण केलं तेच योग्य.

पाचव्या दिवशी मात्र आवाज अगदी एवढासा. "मावशी, आजी आज पण टीव्हीसमोर येऊन बसलीय. मी तिला काय सांगू?"

"सांग की फॉल्ट आहे म्हणून."

"ते नाही हो. मी तिला रोज सांगते ना, त्या काय बोलतात ते. आजीला ऐकू नाही येत. आता सांगायलाच काही नाही, तर ती नुसती बसते. मग भिंतीकडे तोंड करून झोपते. काल जेवली पण नाही."

पाच दिवस मी ज्या घरात गुलाब लावत होते, त्या घरात कोण बसलंय हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. जुन्या काळी निदान माझ्या छोट्या टीव्हीवर मला काय लपवतोय ते दिसत तरी होतं. इथे मी नंबर टाकून मोकळी! मी त्या डब्याचं चॅनेल चालू केलं, फोन एका पोराच्या हाती दिला आणि रिक्षा पकडून गासला गेले. सव्वीस वर्षांत तक्रार बघायला मी स्वतः गेले ती पहिलीच वेळ.

घर वाडीत होतं. पुढे वांगी-मिरच्यांचे वाफे, बाजूला केळी, दार सताड उघडं. आत खाटेवर आजी बसलेली, नऊवारी नेसलेली, हातात वालाच्या शेंगा. हिरूआजी तिचं नाव. तन्वी तिच्या अगदी कानाला लागून, गणवेशातच. टीव्ही मोठ्यानं चालू. मी दाराबाहेर चपला काढता काढता थांबले.

टीव्हीतली सासू दात-ओठ खात किंचाळत होती, "या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी!"

तन्वी आजीच्या कानात ओरडली, "ती म्हणते, या घरात आपण दोघी राहू!"

आजीनं मान डोलावली आणि शेंग सोलली.

टीव्हीत सुनेनं सासूबाईंच्या दुधात कसलीशी पुडी सोडली. संगीत धाडधाड वाजलं. तन्वी ओरडली, "खोकल्याचं औषध घालते!"

"बरं करते," आजी म्हणाली. "रात्रभर खोकत होती बिचारी."

मग सासूनं सुनेच्या फाडकन थोबाडीत मारली. तीनदा दाखवतात ना, तशी, तिन्ही बाजूंनी. तन्वी क्षणभर अडखळली. मग म्हणाली, "डास मारला, आजी. तीन होते."

मी तोंडात पदर कोंबला. हसू आवरेना, आणि मेलं डोळ्यांतून पाणी पण येत होतं. अहो, माझा अख्खा जन्म गेला गुलाब लावण्यात, मला एक मुस्कटात झाकता आली नाही. आणि हे सात वर्षांचं पोर तीन-तीन झाकत होतं, तेही गोष्ट न थांबवता!

मी आत गेले, ओळख सांगितली. तन्वीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कावळे गेले?" मी म्हटलं गेले. तिला जवळ घेऊन विचारलं, "तू आजीला खोटं का गं सांगतेस?"

"खोटं नाही सांगत. वाईट वाईट गाळते. आजोबा गेले तेव्हा आजी खूप रडायची. आता कुणी कुणाला ओरडलं की परत रडेल."

"आणि गाळलेलं कुठे टाकतेस?"

तिनं गालावर बोट ठेवून विचार केला. "इथेच राहतं. मग शाळेत तोंडातून येतं."

आता मला खोडरबराची किंमत समजली. दुपारभर पोरगी तोंड दाबून बसायची, आजीला एक शब्द वाईट ऐकू द्यायची नाही, आणि उरलेले सगळे डायलॉग दुसऱ्या दिवशी वर्गात सांडायची.

आजीनं तिला आतून पाणी आणायला पाठवलं आणि माझा हात धरला. मोठ्यानं बोलणाऱ्या बाईनं आवाज एकदम खाली आणला.

"बाय, मला ऐकू नाय येत, पन दिसते ना! थोबाडीत मारलेली मला कळत नाय काय? डास मारताना कोन असं तोंड करतं?"

मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, "मग तुम्ही तिला सांगत का नाही?"

"कशाला सांगू? पोरीला वाटते, तिनं आजीला सुखात ठेवली. ठेवू दे ना." मग म्हणाली, "सकाळी सगली जातात. रातची येतात ती दमून येतात. बहिऱ्या मानसाशी कोन बोलल? ही दोन घटका माझ्या कानात बोलते. मी शिरेल बगत नाय, बाय. मी हिला बगते."

तन्वी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आजी पुन्हा शेंगा सोलायला लागली, जशी काही बोललीच नाही. या दोघींचं गुपित मी इथे उघडं केलंय, तेव्हा वाचकांना विनंती, हा अंक तन्वीच्या हाती लागू देऊ नका. तिचं वाचन चांगलं आहे.

प्राजक्ताला सांगायचं होतं ते जास्त कठीण होतं. संध्याकाळी फोन केला तर ती उसळलीच. "मावशी, तुम्ही चॅनेल परत चालू केलंत? मी तुमच्यावर विश्वास टाकला! उद्या ही मुलगी कुणाच्या पाण्यात काहीतरी घालेल तेव्हा कळेल तुम्हाला!" तिचंही चुकत नव्हतं. आई आहे ती, दिवसभर बाहेर, मनात धाकधूक. तिनं सांगून टाकलं की चॅनेल कायमचं काढा, माझंही साडेआठचं गेलं तरी चालेल. मी म्हटलं, "काढते. एक दिवस दे. उद्या हाफ डे घे, दुपारी घरी जा, आणि आत न जाता दारात उभी राहा. नंतर म्हणशील ते करेन."

दुसऱ्या दिवशी मी घड्याळाकडे बघत बसले. दीड झाला, दोन झाले. ऑफिसातल्या पोरांनी चहा आणला तो तसाच गार झाला. ती काढ म्हणाली असती तर मला काढावंच लागलं असतं, डबा तिच्या नावावर होता. अडीचला फोन आला. पलीकडे नुसता नाक ओढल्याचा आवाज.

मग तिनं सांगितलं ते असं. ती दारात उभी होती. तन्वीची पाठ होती, पण आजीनं तिला बघितलं होतं. टीव्हीत सासू सुनेकडे बोट करून म्हणत होती, "ही बाहेर उंडारायला जाते आणि घर माझ्या जिवावर!" प्राजक्ताच्या काळजातच घुसलं ते. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे टीव्ही बोलला आणि सुनेला लागलं. तेवढ्यात तन्वी आजीच्या कानात ओरडली, "ती म्हणते, माझी सून कामावरून दमून येते, तिला कुणीतरी चहा द्या!"

आजीनं मांडीवरचं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठली. सुनेच्या अंगावरून आत गेली, जाता जाता तिच्या पाठीवर हात ठेवला आणि गॅसवर आधण ठेवलं.

"मावशी," प्राजक्ता म्हणाली, "लग्नाला नऊ वर्षं झाली. आम्ही दोघी खाणाखुणांनी बोलतो. गॅस, भाजी, दूध, एवढंच. आज त्यांनी मला चहा दिला आणि मी त्यांच्या कानात जाऊन 'छान झालाय' म्हणाले. एवढंच म्हणाले हो. किती सोपं होतं." मग पुन्हा नाक ओढून म्हणाली, "चॅनेल राहू द्या."

दुपारी बंद करायचं लक्षात राहावं म्हणून वहीत त्या डब्याच्या नंबरासमोर केलेली खूण मी कायमची पुसली. उरलेल्या डायलॉगचं काय करायचं ते मी तिला सांगितलं. संध्याकाळी कामावरून आली की तन्वीला पंधरा मिनिटं वाडीत न्यायचं आणि म्हणायचं, टाक बाई सगळं इथे. त्या दोघी आता रोज केळीखाली उभ्या राहून एकमेकींना 'मी तुला सोडणार नाही', 'तुझे दिवस भरलेत' असं म्हणतात आणि पोट धरून हसतात. शेजारी म्हणे आधी घाबरले होते. शाळेतून बोलावणं मात्र पुन्हा आलं नाही.

मला लोक विचारतात, तुम्ही एवढी वर्षं त्यात काढलीत, दुपारचा टीव्ही मुलांनी बघावा की नाही? मी डिमेलो सरांसारखी हुशार नाही. पूर्वी मी पडद्यावर काय चाललंय ते बघून ठरवायची. आता कुणी विचारलं की मी उलट विचारते, शेजारी कोण बसलंय? बहुतेकांना ते माहीत नसतं.

मी निवृत्त झाले त्याच्या आधीच्या आठवड्यात दीड वाजता फोन वाजला.

"मावशी, आज खरंच चॅनेल गेलंय. सगळाच टीव्ही काळा झालाय. कावळा आहे का?"

मी स्क्रीनवर बघितलं. गासची लाईन खरोखरच तुटली होती. "नाही गं, आज खरा फॉल्ट. माणूस पाठवते. अर्धा तास लागेल."

"चालेल," ती म्हणाली आणि फोन न ठेवताच बाजूला टाकून पळाली. रिसिव्हरमधून मला तिचा आवाज ऐकू येत होता, आजीच्या कानात ओरडत असलेला. "आजी, बघ हं! आता ती म्हणते, चला, सगळे मिळून जेवायला बसू! आणि ती दुसरी म्हणते, मी वाढते!"

"मीठ बरोबर आहे काय, विचार तिला," आजीचा आवाज आला.

"बरोबर आहे म्हणते!"

आजी खदाखदा हसली. समोर टीव्ही काळाठिक्कर होता.

लाईनमनला मी तो फॉल्ट जरा उशिरानंच कळवला.